शिरगणतीच्या रकान्यातली बाई

१९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे ३८ जणी काम करणाऱ्या ठरल्या. दहा वर्षांनी, १९७१ मध्ये, हा आकडा २० च्याही खाली आला. देशभर काम करणाऱ्या स्त्रियांची संख्या याच दहा वर्षांत सुमारे ५ कोटी ९४ लाखांवरून ३ कोटी १३ लाखांवर उतरली, आणि काम करणारे पुरुष मात्र १३ कोटींवरून १५ कोटींच्या जवळ गेले. नुसते तक्ते समोर घेऊन बसलेल्या माणसाला वाटेल की पावणेतीन कोटींहून जास्त बायका दशकभरात शेतातून उठून घरी जाऊन बसल्या. गावात मात्र तसे काही घडल्याची खूण सापडत नाही. भाताची लावणी, ज्वारीची काढणी, कापसाची वेचणी, भुईमुगाच्या शेंगा तोडणे यांतले काहीच पुरुषांनी आपल्याकडे घेतले नव्हते. लगेच पुढच्या वर्षी, १९७२ मध्ये, मोठा दुष्काळ पडला. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती आणि खडी फोडणाऱ्या, पाझर तलावाची माती वाहणाऱ्या बायकांची नावे त्या हजेरीपटांवर मोठ्या संख्येने चढली होती. दोनच वर्षांपूर्वी यांतल्या कितीतरी जणींची नोंद शिरगणतीने ‘काम न करणारी’ अशी केली असणार. एकाच राज्याच्या एकाच काळाच्या दोन सरकारी दप्तरांत दोन वेगळ्या बायका दिसतात, आणि त्यांतली खरी कोणती हे ठरवल्याशिवाय मराठी मुलखातल्या स्त्रीच्या श्रमाचा इतिहास लिहिता येत नाही.

माझे म्हणणे असे की स्त्रियांविषयीचा कोणताही प्रादेशिक आकडा, मग तो रोजगाराचा असो, शिक्षणाचा, जातीचा की अपत्यांचा, हाती आला की आधी त्यामागचा प्रश्न शोधावा. काय विचारले, कोणाला विचारले, उत्तराचे रकाने कोणते होते, जातींच्या यादीत त्या वर्षी कोण होते आणि जिल्ह्याची हद्द कुठवर होती, हे कळल्याखेरीज वाढ किंवा घट हा शब्द उच्चारू नये. ही माहिती हरवलेली नाही. प्रगणकांना दिलेल्या सूचना, प्रांताचे अहवाल, तक्त्यांच्या सुरुवातीच्या टिपा हे सगळे छापलेले आहे. ते वाचण्याची सवय मात्र अभ्यासकांत कमी, आणि वर्तमानपत्रांत तर नाहीच.

१९६१ साली अशोक मित्रा जनगणना आयुक्त होते. त्या वर्षी हंगामी कामाच्या बाबतीत व्याख्या उदार होती. हंगामाच्या बहुतेक काळात रोज निदान तासभर नियमित काम केले असले तरी ते माणूस कामकरी धरले जाई. भाकरी घेऊन शेतावर गेलेली आणि तिथे राहून तासभर खुरपून परतणारी बाई या व्याख्येत बसत होती. १९७१ मध्ये पहिलाच प्रश्न ‘मुख्य उद्योग कोणता’ असा केला गेला. जी प्रामुख्याने घर सांभाळते तिची नोंद आधी काम न करणाऱ्यांत झाली आणि तिचे शेतातले काम दुय्यम म्हणून दुसऱ्या जागी गेले. या बदलाचा घाव नेमका कोणावर पडला हे तपशिलात दिसते. स्वतःच्या घरची शेती कसणाऱ्या स्त्रिया देशभरात सुमारे ३ कोटी ३० लाख होत्या, त्या ९० लाखांच्या आसपास आल्या. मजुरीवर जाणाऱ्या शेतमजूर स्त्रिया मात्र सुमारे १ कोटी ४० लाखांवरून दीड कोटीच्या पुढे गेल्या. काम खरोखरच आटले असते तर पहिली कुऱ्हाड मजुरीवर पडली असती, घरच्या शेतावर नव्हे. जिला मजुरी मिळत होती तिचे काम नव्या प्रश्नालाही दिसले आणि जिला मिळत नव्हती ती नाहीशी झाली. यावरून पुढचे अनुमान मला अटळ वाटते: भूमिहीन घरातली, म्हणजे बहुतेक ठिकाणी दलित किंवा आदिवासी घरातली, बाई आकड्यांत टिकली आणि तिच्या शेजारच्या बांधावर तितकीच राबणारी कुणबी-मराठा शेतकरी घरातली बाई आकड्यांतून गेली. तक्त्यांत अनुसूचित जाती-जमाती सोडून जातवार तपशील नसल्यामुळे हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

इथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो. व्याख्या सदोष असेल, पण ती सगळीकडे सारखीच सदोष होती, तेव्हा प्रदेशांची आपापसातली तुलना तरी शाबूत राहते, असे म्हणतात. दिसायला हे बरोबर दिसते, पण १९७१ चे आकडेच ते खोडून काढतात. केरळात स्त्रियांच्या कामाचा दर सुमारे २० वरून साडेतेराच्या आसपास आला. पंजाबात, ज्यात १९६१ साली हरियाणाही होता, तो १४ वरून जेमतेम एकावर आला. महाराष्ट्रात तो निम्मा झाला. म्हणजे एकाच प्रश्नाने एका प्रदेशातली तिसरा हिस्सा बाई पुसली, दुसऱ्यातली अर्धी आणि तिसऱ्यातली जवळजवळ सगळीच. जिथे स्त्रिया मजुरीवर जास्त जातात तिथे नुकसान कमी झाले आणि जिथे त्या घरच्या शेतात व गोठ्यात जास्त राबतात तिथे अधिक. दोष सारखा नव्हता, त्यामुळे प्रदेशांचा क्रमही विश्वसनीय उरला नाही. जनगणना खात्याला पुढे प्रश्न सुधारावा लागला. १९८१ मध्ये वर्षभरात केव्हाही काम केले का असे विचारून १८३ किंवा अधिक दिवस काम करणारे मुख्य आणि त्याहून कमी करणारे सीमांतिक, अशी विभागणी आली. १९९१ मध्ये शेतावर किंवा घरच्या धंद्यात मोबदल्याशिवाय केलेले काम धरावे, हे प्रश्नातच छापले गेले. २००१ मध्ये घरच्या वापरापुरते दूध काढणेही मोजले जाऊ लागले. महाराष्ट्राचा दर १९८१ मध्ये ३० च्या थोडा वर, १९९१ मध्ये ३३ आणि २०११ मध्ये ३१ असा राहिला. पन्नास वर्षांच्या या चढउतारात बाईच्या आयुष्यात किती बदल झाला आणि कागदात किती, हे वेगळे काढणे हेच खरे संशोधन आहे.

कागदाचा हा इतिहास १९७१ ला सुरू झालेला नाही. पेशवाईच्या दप्तरातल्या पुण्याच्या पेठांच्या खानेसुमाऱ्या घरांच्या आणि घरमालकांच्या याद्या आहेत. बाईची मोजणी हा त्यांचा उद्देशच नव्हता. मुंबई इलाख्याची पहिली सर्वसाधारण शिरगणती २१ फेब्रुवारी १८७२ च्या रात्रीची. त्यानंतरच्या शिरगणत्यांत स्त्रीचे नाव सांगायला घरच्यांची हरकत असेल तर नुसते ‘स्त्री’ असे लिहावे, अशी मुभा प्रगणकांना होती. १८८१ चे मुंबई इलाख्याचे काम जे. ए. बेन्स यांनी केले आणि १८९१ मध्ये ते अखिल हिंदुस्थानचे आयुक्त झाले. त्या १८९१ च्या शिरगणतीत त्यांनी व्यक्तीच्या धंद्याऐवजी उपजीविकेचे साधन विचारले. सुताराची बायको, सुताराची आई, सुताराचे तान्हे मूल या सगळ्यांची उपजीविका सुतारकीवर, म्हणून सगळे सुतारकीत मोजले गेले. कोणत्या धंद्यावर किती तोंडे जगतात हे सरकारला त्यातून चांगले कळले, पण बाई स्वतः काय करते हे कळण्याचा मार्ग त्या वर्षापुरता बंद झाला. १८९१ च्या तक्त्यावरून ‘या धंद्यात इतक्या स्त्रिया’ असे लिहिणारा माणूस म्हणून फसतो. १९०१ मध्ये, मुंबई इलाख्यात आर. ई. एन्थोवेन अधीक्षक असताना, प्रत्यक्ष काम करणारे आणि त्यांच्यावर अवलंबून असणारे असा भेद आला. स्वयंपाकासारखी घरगुती कामे वगळून स्त्रिया व मुले जे काही काम करतील ते लिहावे, अशी सूचनाही त्या काळात दिली गेली. ती चांगली होती, पण तिच्यातच पुढच्या सगळ्या वादाचे मूळ आहे. कोकणात भात कांडणे, देशावर शेण्या थापून विकणे, विदर्भात सरकी निवडणे, यांतले घरगुती काय आणि धंदा काय, हे त्या गावातला शिक्षक किंवा तलाठी आपल्या समजुतीने ठरवत गेला. १९३१ मध्ये कमावणारे आणि काम करणारे परावलंबी असे नवे रकाने आले. घरच्या धंद्यात बिनपगारी राबणारी बाई दुसऱ्या रकान्यात गेली आणि कमावत्या स्त्रिया कमी झाल्यासारख्या दिसल्या. चाळीस वर्षांनंतरच्या घटनेची ती पूर्वआवृत्ती होती. तेव्हाच नीट ध्यानात घेतली असती तर १९७१ ला तीच चूक टळली असती.

प्रगणकाचा यात काय दोष, घरच्यांनी सांगितले तेच त्याने लिहिले, असा दुसरा आक्षेप आहे. बाई काही करत नाही, घरीच असते, हे उत्तर घरच्या पुरुषाने दिले, कधी बाईनेच दिले. यात तथ्य आहे आणि ते मी बाजूला सारत नाही. उलट ते उत्तरच मला पुरावा म्हणून मोलाचे वाटते. आपल्याकडे घरची परिस्थिती सुधारली की सुनेचे शेतावर जाणे बंद होते, निदान बंद झाले असे सांगितले जाते, कारण ती प्रतिष्ठेची खूण आहे. धनंजयराव गाडगीळ यांनी स्त्रियांच्या श्रमाविषयीच्या आपल्या व्याख्यानांत, जी १९६५ मध्ये प्रसिद्ध झाली, प्रदेशाप्रदेशांतल्या फरकांकडे आणि त्यामागच्या सामाजिक परंपरांकडे लक्ष वेधले होते. रकान्यातल्या कमी आकड्यात काही वाटा खरोखर कमी कामाचा असतो आणि काही वाटा काम लपवण्याच्या प्रतिष्ठेचा. हे दोन्ही इतिहासाचे विषय आहेत, पण वेगवेगळे. प्रश्न विचारणाऱ्याची जबाबदारी यातून कमी होत नाही, कारण ‘बाई काम करते का’ असे विचारले तर एक उत्तर येते आणि ‘काल निंदणीला कोण कोण होते’ असे विचारले तर त्याच घरातून दुसरे येते.

मग आकडे टाकूनच द्यावेत का? अशा टीकेचा शेवट कसलीच घट खरी न मानण्यात होतो, अशी भीती काही जण व्यक्त करतात. तसे मुळीच नाही, आणि याचे सर्वांत ठोस उदाहरण मुंबईच्या गिरण्यांत आहे. १९२० नंतरच्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत दर पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती. वाइंडिंग आणि रीलिंग ही त्यांची खाती, आणि त्यांच्यावर देखरेखीला नायकिणी. पुढच्या पन्नास वर्षांत हे प्रमाण सतत घसरत जाऊन नगण्य झाले. ही घट खरी आहे असे मी ठामपणे म्हणतो, कारण ती एकाच दप्तरावर उभी नाही. कारखाना निरीक्षकांकडे जाणारी विवरणे, १९२१ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसची पाहणी, गिरण्यांचे हजेरीपट आणि शिरगणती, अशा वेगवेगळ्या हेतूंनी वेगवेगळ्या हातांनी ठेवलेल्या नोंदी एकाच दिशेला बोट दाखवतात. शिवाय कारणेही नोंदलेली आहेत: विसाच्या दशकाअखेरीपासून आलेली पुनर्रचना, वेगवान वाइंडिंग यंत्रे, स्त्रियांच्या रात्रपाळीवरची बंदी, आणि बाळंतपणाच्या भत्त्याचा बोजा नको म्हणून बाईला न घेण्याची मालकांची वृत्ती. हा भत्ता देणारा देशातला पहिला कायदा मुंबई इलाख्यात १९२९ मध्ये झाला. त्याच्या बाजूने जुलै १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई विधिमंडळात बोलले होते. ज्या कायद्यासाठी इतका झगडा झाला, त्याचीच सबब पुढे करून बायकांना दारातून परत पाठवले गेले, हे वाचताना मन विषण्ण होते.

गिरणगावातच आकड्याच्या आंधळेपणाचेही उदाहरण आहे. एकट्याने मुंबईत राहणाऱ्या हजारो गिरणी कामगारांना दोन वेळचे जेवण चाळींतल्या खोल्यांमधून मिळत असे. कामगारांच्या खानावळी चालवणाऱ्या या बायका पहाटेपासून चुलीपुढे असत. पीठ, डाळ, रॉकेल उधारीवर आणत आणि पगाराच्या दिवशी वसुली करत. हा भांडवल, जोखीम आणि ग्राहक असलेला धंदा आहे, यात शंका नाही. पण तो स्वयंपाकघरात होत होता आणि स्वयंपाक हे तर घरकाम, म्हणून त्यांच्यातल्या बहुतेक जणी कोणत्याच रकान्यात ठळकपणे आल्या नाहीत. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, त्यांना संघटित करून बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा या बायका कर्जदार म्हणून प्रथम एका खातेवहीत नावानिशी आल्या. बँकेच्या खात्याला जी कामकरी बाई दिसली ती जनगणनेला गृहिणी म्हणूनच दिसत राहिली.

अपत्यांच्या आकड्यांकडे वळले की अडचण आणखी गुंतते. १९२१ मध्ये मुंबई शहरात दर हजार नोंदलेल्या जन्मांमागे ६६० हून अधिक बालमृत्यू नोंदले गेले. हा आकडा अनेक पुस्तकांत एकामागून एक उतरला आहे. तो भीषण आहे आणि एकखोली चाळींतली परिस्थिती भीषण होतीच. १९२२ मध्ये गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाची चौकशी करणाऱ्या डॉ. एफ. डी. बार्न्स यांना आढळले की कामावर जाणाऱ्या बहुतेक सगळ्या आया तान्ह्या मुलांना अफूच्या बाळगोळ्या देऊन झोपवून जात. तरीही हजारातली सहाशेसाठ मुले हा खरा दर नव्हता. त्या वर्षी मुंबईत दर हजार पुरुषांमागे जेमतेम सव्वापाचशे स्त्रिया होत्या आणि त्यांतल्या पुष्कळ जणी बाळंतपणाला गावी, रत्नागिरीकडे किंवा घाटावर जात. जन्म गावच्या दप्तरात नोंदला जाई. आई तान्हे घेऊन परत येई, आणि मूल दगावले तर तो मृत्यू मुंबईच्या खात्यात पडे. शहरातल्या कितीतरी जन्मांची नोंदही होत नसे. भागाकारातला छेद अपुरा, अंश मात्र भरलेला, म्हणून दर फुगला. एकट्या मुंबईच्या तक्त्यातून मुंबईच्या आईची गोष्ट कळत नाही, रत्नागिरीचा तक्ता शेजारी ठेवावाच लागतो. रत्नागिरीत त्याउलट बायका पुरुषांहून जास्त, २०११ मध्येही हजार पुरुषांमागे ११२२. तिथले जन्माचे आकडे वाचताना नवरा वर्षाचे अकरा महिने कुठे आहे हे माहीत असावे लागते.

या गोंधळातून वाट काढण्याचे मोठे काम पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने केले, आणि त्याची आठवण मराठी वाचकांत जितकी असायला हवी तितकी नाही. न. वि. सोवनी यांनी कोल्हापूर शहराची लोकसंख्या आणि जननक्षमता यांची पाहणी १९४८ मध्ये प्रसिद्ध केली. वि. म. दांडेकर आणि कुमुदिनी दांडेकर यांची पुणे जिल्ह्याची जनन-मृत्यू पाहणी १९५३ मध्ये आली, आणि सोवनी व कुमुदिनी दांडेकर यांची नाशिक, कुलाबा व उत्तर सातारा जिल्ह्यांची १९५५ मध्ये. सरकारी नोंदवहीवर विसंबून न राहता निवडलेल्या गावांत घरोघर जाऊन विवाहित स्त्रियांच्या सगळ्या बाळंतपणांचा क्रम लिहून घ्यायचा, ही त्यांची पद्धत. कोणते मूल जगले, कोणते गेले, लग्न कितव्या वर्षी झाले, हे एका बाईच्या आयुष्याभोवती एकत्र आले. त्याच सुमारास १९५१ च्या जनगणना अहवालात आयुक्त आर. ए. गोपालस्वामी यांनी आधीच तीन किंवा अधिक मुले झालेल्या आईच्या पुढच्या बाळंतपणाला अविचारी मातृत्व असे नाव दिले होते. बाईकडे धान्याच्या तुटवड्याचे कारण म्हणून पाहणाऱ्या या दृष्टीत आणि तिचा बाळंतपणांचा इतिहास तिच्याच तोंडून लिहून घेणाऱ्या पाहणीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. जनगणनेने विवाहित स्त्रीला अपत्यांविषयी सरसकट विचारायला १९७१ मध्ये सुरुवात केली. पुढे नमुना नोंदणी पद्धती आणि १९९२-९३ पासूनची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी आली. महाराष्ट्रात एका स्त्रीमागे १९७१ च्या सुमारास साडेचारच्या आसपास असलेली अपत्यसंख्या पहिल्या पाहणीत २.८६ वर आणि २०१९-२१ च्या पाचव्या पाहणीत १.७ वर आली. इथेही वेगवेगळी दप्तरे एकमेकांना दुजोरा देतात, म्हणून ही घट मी निःशंकपणे खरी मानतो.

जातीचा प्रश्न सर्वांत कठीण आहे आणि त्यातच महाराष्ट्राचे वेगळेपण आहे. १९३१ पर्यंतच्या शिरगणत्यांत जातवार साक्षरता आणि जातवार धंदे, तेही स्त्री-पुरुष वेगळे करून, मिळतात. ब्राह्मण आणि चांद्रसेनीय कायस्थ प्रभू स्त्रियांची साक्षरता एका टोकाला, तर महार, मांग, भिल्ल, कातकरी स्त्रियांची दुसऱ्या टोकाला दिसते. १९५१ पासून अनुसूचित जाती-जमाती सोडून बाकी जातींचे तक्ते बंद झाले. पण उरलेले तक्ते तरी सलग आहेत का? १९५६ मध्ये डॉ. आंबेडकरांसोबत लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली. १९६१ मध्ये महाराष्ट्रात बौद्धांची संख्या २७ लाख ८९ हजारांवर गेली, जी दहा वर्षांपूर्वी अडीच हजारांच्या आत होती. बौद्धांना अनुसूचित जातींत धरण्याची तरतूद १९९० मध्ये झाली. म्हणून १९६१, १९७१ आणि १९८१ या तिन्ही जनगणनांच्या अनुसूचित जातींच्या तक्त्यांत शिक्षणात सर्वांत वेगाने पुढे येणारी दलित स्त्रीच जवळजवळ नाही. ती बौद्ध धर्माच्या तक्त्यात आहे. राज्यातले अनुसूचित जातींचे प्रमाण १९८१ मध्ये सुमारे ७ टक्के आणि १९९१ मध्ये ११ टक्के दिसते ते यामुळे. या दोन वर्षांच्या दलित स्त्रियांच्या साक्षरतेची सरळ तुलना करून प्रगतीचा वेग सांगणारे विधान त्यामुळे पोकळ ठरते. धर्माचा आणि जातीचा तक्ता शेजारी मांडून बेरीज केली तरच काही बोलता येते. अनुसूचित जमातींबाबतही असेच आहे. १९७६ च्या कायद्याने राज्यांतर्गत क्षेत्रबंधन उठले आणि महाराष्ट्रातल्या जमातींची लोकसंख्या १९७१ च्या साडेएकोणतीस लाखांवरून १९८१ मध्ये साडेसत्तावन्न लाखांच्या वर गेली. नंदुरबारची भिल्ल बाई आणि नव्याने यादीत आलेल्या घरातली शहरी बाई एकाच सरासरीत गेल्या.

हद्दींचेही तसेच. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, त्यामुळे औरंगाबाद, बीड, नांदेडच्या स्त्रिया हैदराबादच्या अहवालात शोधाव्या लागतात आणि नागपूर-वऱ्हाडच्या स्त्रिया मध्यप्रांताच्या अहवालात. प्रत्येक प्रांताने तक्ते आपापल्या पद्धतीने छापले. पुढे रत्नागिरीतून सिंधुदुर्ग निघाला, चंद्रपुरातून गडचिरोली, धुळ्यातून नंदुरबार, ठाण्यातून पालघर. धुळे जिल्ह्याची स्त्री-साक्षरता १९९१ नंतर चढलेली दिसते त्यात आदिवासीबहुल तालुके वेगळ्या जिल्ह्यात गेल्याचा वाटा आहे. साक्षरतेची व्याख्याही स्थिर नव्हती. १९११ मध्ये मित्राला पत्र लिहिता यावे आणि त्याचे उत्तर वाचता यावे ही कसोटी आली, त्याआधी शिकत असलेल्या मुलींचा वेगळा रकाना असे. १९९१ पासून सात वर्षांखालची मुले हिशेबातून वगळली गेली. पण या चुका पकडणे सोपे आहे, तालुक्यांची बेरीज आणि वयाची दुरुस्ती करून त्या निघतात.

भरून न येणारा खरा तोटा वेगळाच आहे. काम, शिक्षण, जात आणि अपत्ये या चार गोष्टी एकाच बाईच्या संदर्भात एकत्र पाहता याव्यात, हे प्रत्येक अभ्यासकाला हवे असते. छापील तक्ते त्या सुट्या सुट्या देतात, फार तर दोन एकत्र. आपल्याकडे तक्ते तयार झाले की मूळ गणनापत्रके नष्ट केली जात. १९३१ ची जुन्नर तालुक्यातली एखादी कोळी महादेव बाई, तिचे वय, तिचे काम, तिचे निरक्षर असणे हे एका ओळीत लिहिलेले होते, पण ती ओळ आता नाही. म्हणून गावच्या जुन्या नोंदींकडे वळावे लागते. गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, ती जन्म-मृत्यूची नोंदवही २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधामुळे सगळ्या महाराष्ट्राला माहीत झाली. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात लाखो जुनी पाने तपासली गेली. आरक्षणाच्या दाखल्यासाठी वाचली गेलेली हीच पाने गावोगावच्या जन्मांचा आणि बालमृत्यूंचा इतिहास सांगू शकतात. ती स्कॅन होत असताना तारीख, वय आणि मृत्यूचे कारण हे रकानेही जपले जावेत, असे मला तळमळीने वाटते.

आज परिस्थिती सुधारली आहे असे म्हणताना जुनी खबरदारी सोडता येत नाही. देशात पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा श्रमशक्तीतला सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाला असे श्रमशक्ती पाहणी सांगते. वाढीचा मोठा भाग स्वयंरोजगारातला आहे आणि त्यात घरच्या धंद्यात मोबदल्याशिवाय मदत करणाऱ्या स्त्रियाही येतात, म्हणजे १९३१ च्या काम करणाऱ्या परावलंबी बाईचीच आजची वारस. याच पाहणीत फक्त घरकाम करणारीला ९२ आणि घरकामाबरोबर सरपण, भाजीपाला, चारा गोळा करणारी किंवा घरासाठी शिवणकाम करणारीला ९३ असा संकेतांक दिला जातो. दोघीही श्रमशक्तीबाहेर. ९२, ९३ आणि मदतनीस यांच्यातली रेघ प्रश्न विचारणारा किती खोदून विचारतो यावर सरकते, तेव्हा वाढीतला किती भाग नव्या कामाचा हे वेळेच्या वापराच्या पाहणीशी ताडून पाहावे लागेल. २०१९ च्या त्या पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवताना आढळल्या आणि पुरुष ९७ मिनिटे. १९९८-९९ ची पहिली प्रायोगिक पाहणी सहा राज्यांत झाली होती, त्यांत महाराष्ट्र नव्हता, म्हणून आपल्याकडे मागे जाऊन तुलना करायला तेवढाही आधार नाही. कुटुंब आरोग्य पाहणीने जिल्हानिहाय माहिती दिली, तरी एका स्त्रीमागे अपत्ये किती हा आकडा जिल्हापत्रकांत नाही, कारण नमुना तेवढा मोठा नसतो. तो जनगणनेतूनच मिळू शकतो, आणि जनगणना २०११ नंतर झालेली नाही. आता १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख जाहीर झाली असून जातींचीही नोंद होणार आहे. प्रथमच जात, शिक्षण, काम आणि अपत्ये हे चारही प्रश्न एकाच पत्रकावर येण्याची ही संधी आहे. ते एकत्र करून तालुकावार तक्ते छापायचे की पुन्हा सुटे सुटे, बौद्ध स्त्रियांची जात आणि धर्म दोन्ही दिसतील असे रकाने ठेवायचे की नाही, आणि प्रगणकांच्या प्रशिक्षणात शेतावरच्या, गोठ्यातल्या, विडी वळणाऱ्या, डबे करणाऱ्या बाईविषयी पुढचा प्रश्न कसा विचारावा हे शिकवायचे की नाही, हे निर्णय घरोघर प्रगणक पोचण्याआधी व्हायला हवेत.